माळावरच्या चर्चची सिस्टर

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीमात्र संबंध नाही पण ऐकल्याशिवाय ज्यांना अन्न पचत नाही अशा माझ्यासारख्या समस्त ग्रामस्थांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, यंदाही तूर कापणीला आली आहे, येलदरी धरणाच्या पाण्यावरून गार वारं सुटलं आहे आणि माळावरच्या चर्चमध्ये भांडणाला नियमाप्रमाणे सुरुवात झाली आहे. वृद्धांनी कानटोप्या काढून ठेवाव्यात. ऐकू आलं पाहिजे.

तूर हा तसा भांडणाचाच हंगाम. हुरड्याला पाहुणे येतात, कापूस वेचताना बायका गाणी म्हणतात, पण तूर कापली की रानात मागं उरतात ते खुंट. तिरपे, भाल्यासारखे. चपलेतून आरपार तळव्यात घुसतात आणि माणूस ज्याचं रान त्याच्या खानदानाचा उद्धार करत लंगडत घरी येतो. हवेत तुराट्यांचा कोरडा वास, ओठ फुटलेले, टाचा फुटलेल्या. उन्हात बसावं तर पाठ भाजते, सावलीत बसावं तर दात वाजतात. अशा हवेत माणसानं प्रेमानं वागावं ही अपेक्षाच चूक आहे. आणि नेमका याच हवेत नाताळ येतो. शांतीचा सण आमच्याकडं तुरीच्या खुंटांतून चालत येतो, त्याला कोण काय करणार.

चर्च गावाबाहेरच्या खडकाळ माळावर आहे. वर पत्रे, पुढची भिंत तेवढी चुन्यानं पांढरी केलेली. लांबून पाहिलं तर सरकीचं गोदाम वाटतं, जवळून पाहिलं तर गोदामाला क्रूस फुटलाय असं वाटतं. ते बांधलं केरळातून आलेल्या मूठभर घरांसाठी. कुणी धरणाच्या वीजघरात फिटर, कुणी वेल्डर, कुणी दवाखान्यात नर्स. गावाच्या भाषेत सगळे मद्रासी. केरळ आणि मद्रास यांत फरक असतो हे सांगायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. गावानं नीट ऐकून घेतलं आणि म्हटलं, बरं, मग तुम्ही केरळचे मद्रासी.

त्यांना हा परदेशच होता. समुद्र नाही, नारळ नाही, भात सणासुदीला, आणि लोक जेवायला भाकरी नावाची टणक वस्तू पुढं करतात. गावाला ते परके, त्यांना गाव परकं. त्यांच्या माशाच्या कालवणाचा वास आला की आमच्या गल्लीतल्या बायका मुद्दाम मोठ्यानं दारं लावायच्या, आणि आमच्याकडं ठेचा कुटायला घेतला की त्यांच्या क्वार्टरांतून मुद्दाम मोठ्यानं शिंका यायच्या.

या परक्यांपैकी जी एक बाई गावाच्या घराघरात शिरली ती अन्नम्मा सिस्टर. दवाखान्यातली नर्स. माझ्या आईच्याही आधी तिनं मला पाहिलं, आणि आई सांगते, पाहून पहिलं वाक्य बोलली ते असं, "तोंड लय मोठं हाय याचं." त्या निदानात आजवर कुणाला चूक काढता आलेली नाही.

इथं एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. आमच्याकडं नर्सला सिस्टरच म्हणतात. बाळंतपण, सुई, सलाईन ज्या बाईच्या हातून होतं ती सिस्टर. तिचं लग्न झालेलं असो, घरात लेकरं असोत, ती सिस्टरच. तिच्या नवऱ्याला गाव सिस्टरचे मालक म्हणतं. वीजघरात फिटर असलेल्या थॉमसभाऊंची आमच्या गावातली ओळख तीच, सिस्टरचे मालक. ख्रिस्ती मंडळींत सिस्टर म्हणजे लग्न न करता देवाच्या कामाला वाहून घेतलेली संन्यासिनी, ही माहिती आमच्यापर्यंत पोचलेलीच नव्हती.

ती पोचली एका थोर प्रसंगानं. मी शाळेत होतो. लांबच्या कुठल्या शहरातून फादरसोबत एक खरीखुरी, झगा घातलेली सिस्टर आली. फादरला गाव तोवर फादरमामा म्हणायला शिकलं होतं. नवी सिस्टर आली ही बातमी गल्लीतून फिरली आणि पाहता पाहता तिच्यापुढं रांग लागली. बायांच्या कडेवर तापलेली लेकरं. सगळ्यात पुढं एक म्हातारबा. ती बिचारी आशीर्वाद द्यायला हात उचलते तोवर म्हातारबानं पाठ फिरवली आणि सुई टोचायच्या जागेवरचं धोतर सैल केलं. संन्यासिनी किंचाळून जी जीपमध्ये बसली ती पुन्हा आमच्या तालुक्यात दिसली नाही. म्हातारबा मात्र मरेपर्यंत सांगायचे, त्या सिस्टरला शिकवलंच न्हवतं नीट.

तर चर्च उभं केलं ते आमच्या सिस्टरनं, अन्नम्मानं. आधी त्यांची प्रार्थना तिच्या क्वार्टरच्या पडवीत व्हायची. मग एका पुराच्या दिवसांत, ओढा चढलेला, गाडी नाही, बैल नाही, अशा वेळी तिनं बापूराव नावाच्या शेतकऱ्याच्या लेकीचं अडलेलं बाळंतपण घरीच सोडवलं. बापूरावांनी माळावरचा तुकडा दिला. त्यावर कुसळही उगवत नव्हतं ही गोष्ट वेगळी, पण दिला. गावात गदारोळ झाला. मद्रासी देव आणायलेत, उद्या आपल्याला बाटवतील, इथपासून सुरुवात. पारावर बैठक भरली. माझे वडील तिथं बोलले. आम्ही बौद्ध, आमचा विहार तेव्हा नुकताच पत्र्याखाली आला होता आणि त्यासाठी काय काय ऐकून घ्यावं लागलं ते वडिलांना पाठ होतं. ते एवढंच म्हणाले, "गावात एकटं पडनं काय असतं ते आमाला नका सांगू. बांधू द्या त्यांना." बैठक उठली. राग कुणाचाच गेला नाही, पण दगड पडायला लागले ते भिंतीसाठी.

भिंती थॉमसभाऊंनी रचल्या. दर रविवारी अर्धा दिवस प्रार्थना आणि अर्धा दिवस चुना. अन्नम्मा गवंड्यासारखी कमरेवर हात देऊन उभी राहायची आणि प्रत्येक थर वाकडा आहे असं मल्याळममध्ये सांगायची. आम्हाला शब्द कळायचे नाहीत, पण नवरा-बायकोचं मल्याळम आणि नवरा-बायकोचं मराठी यांत काही फरक नसतो हे मला तेव्हाच कळलं. घंटा म्हणून धरणावरचा टाकून दिलेला रुळाचा तुकडा लिंबाला टांगला. पहिल्या रविवारी तो वाजला आणि गावातली निम्मी पोरं दप्तर घेऊन शाळेकडं पळाली, कारण शाळेची घंटाही रुळाचीच होती. गुरुजी सोटा घेऊन चर्चवर भांडायला आले. पहिली प्रार्थना अशी भांडणातच झाली.

पहिल्या नाताळाला ही मंडळी ढोलकं घेऊन घरोघर गाणी म्हणत निघाली. लाल टोपी, पांढरी दाढी, पहाटेची थंडी. आमच्या आयाबायांना वाटलं वासुदेवातलाच कुणी नवा प्रकार असावा. त्यांनी रीतसर सुपात जोंधळे आणून त्यांच्या झोळीत ओतले. नको म्हणायची सोय नव्हती, सिस्टर दवाखान्यात होती आणि बाकीच्यांना भाषाच येत नव्हती. थॉमसभाऊ दाढी सांभाळत पोतंभर ज्वारी घेऊन घरी गेले. त्या ज्वारीवर माझ्या आईनं अन्नम्माला भाकरी थापायला शिकवलं. पहिली भाकरी इतकी जाड झाली की आई म्हणाली, सिस्टर, ही चर्चच्या भिंतीला लावा.

आता चाको सर. यांच्याविषयी मी निःपक्षपातीपणे लिहू शकणार नाही आणि तसा माझा विचारही नाही. हेही केरळचेच, पण फार नंतर आले, भिंती उभ्या राहून, चुना वाळून, बाक बसल्यावर. इंग्रजी शाळा काढली आणि आल्या आल्या चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष झाले. गाव त्यांना चाकूसर म्हणतं. त्यांना तो अपभ्रंश वाटतो. ते विचारपूर्वक ठेवलेलं नाव आहे.

भांडणाचं मूळ एक गाणं. अन्नम्माची लेक लिसी माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गात होती. दोघींनी मिळून आमच्या आईच्या जात्यावरच्या ओवीच्या चालीवर एक नाताळचं गाणं रचलं. गोठा, कडबा, थंडी, बाळ, सगळं आमच्याच रानातलं. लिसी ते चर्चमध्ये म्हणायला उभी राहिली आणि दुसऱ्या कडव्याला चाको सरांनी माइकची वायर उपसली. हे चर्च आहे, भजनी मंडळ नाही, म्हणाले. इथं आपली भाषा चालेल.

अन्नम्मा पुढच्या बाकावरून उठली. "आपली मंजे कोनती? माझी लेक इथं जल्मली. तिला सपन मराठीत पडतं."

"ती तुमची चूक," चाको सर म्हणाले.

"देवाला एकच भाषा येती का सर? मंग घाला त्याला तुमच्या शाळंत."

एवढं बोलून ती स्टुलावर चढली, स्वतः कामट्या आणि पतंगाच्या कागदानं केलेला चर्चच्या दारावरचा तारा तिनं दिव्यासकट उतरवला आणि लेकीला पुढं घालून माळ उतरून गेली. त्यानंतर ती चर्चमध्ये पाऊल टाकेना. थॉमसभाऊ एकटे जात. कुणी विचारलं तर म्हणत, मिसेसचे गुडघे दुखतात. मिसेस त्याच गुडघ्यांनी सगळं गाव पालथं घालत असे.

तो तारा तिच्या घरावर लागला. चाको सरांनी जिंतूरहून प्लास्टिकचा आणला. दुसऱ्या वर्षी अन्नम्मानं बांबू उंच केला. तिसऱ्या वर्षी चर्चवर लोखंडी पाइप आला. मग वडिलांनी विहाराचा झेंड्याचा जुना खांब अन्नम्माला नेऊन दिला. दर तुरीच्या हंगामात गावात पैजा लागत, यंदा कुणाचा देव वर. येलदरीचे मासे धरणारे सांगायचे, पहाटे तळ्यातून दोन तारे दिसतात आणि दोन्ही एकमेकांवर डोळे वटारून असतात.

लिसी आता आयर्लंडला नर्स आहे. तिथल्या मल्याळी मंडळींनी एक जुनं चर्च भाड्यानं घेतलंय आणि रविवारी मल्याळममध्ये प्रार्थना करतात. लिसीला अर्धी कळत नाही. ती मागच्या बाकावर बसून ओवीच्या चालीवर गुणगुणते, असं तिनं फोनवर आईला सांगितलं. म्हणजे परदेशातल्या परक्यांतही ही पोर आणखी परकी. परभणी जिल्ह्याची.

तर ती थंडी. काही वर्षांपूर्वीची, पण तूर वाळायला लागली की मला दर वेळी तीच आठवते. चर्चचा मोठा महोत्सव ठरला होता. दर्शनी भिंतीत इतिहासाची पाटी बसणार, असं गावभर झालं. आमची आई आणि अन्नम्मा अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. तुरीच्या उकडलेल्या शेंगा, मीठ, आणि दोघींची तोंडं एका लयीत. मी बाजूला पेपर वाचण्याचं सोंग करत होतो. आई म्हणाली, पाटीवर तुमचं नाव हाय म्हनं सिस्टर. अन्नम्माचा हात शेंगेवर थांबला. कुणी सांगितलं, तिनं विचारलं. मग टरफलं मोडत म्हणाली, "नाव लागलं तर मी जाईन. उद्या मला तिथंच नेत्याल. ज्या भिंतीवर नाव न्हाई तिथं मेल्यावर काय म्हनून जाऊ?"

ती दुसऱ्या दिवसापासून पांढऱ्या साडीला खळ घालायला लागली.

आता जे नंतर कळलं ते तुम्हाला आत्ताच सांगतो. नवे फादर तरुण होते, महिन्यातून एकदा एसटीनं येत. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळं शुद्ध. इतिहास लिहायचा म्हणून त्यांनी पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं, हे मंदिर कुणी उभारलं? सिस्टरनं, म्हातारे म्हणाले. कोणत्या सिस्टर? "आवो आपल्या अन्नम्मा सिस्टर." आता त्या कुठं असतात? म्हाताऱ्यांनी माळाकडं पाहिलं, भांडण आठवलं आणि उगाच विषय वाढू नये म्हणून म्हणाले, आता न्हाई येत त्या तिकडं. फादरनी मान हलवली. संन्यासिनींच्या बदल्या होतातच. थॉमसभाऊंची गुडघेदुखीवाली मिसेस आणि ही सिस्टर एकच असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. त्यांनी सुंदर भाषेत मजकूर लिहिला आणि तपासायला चाको सरांकडं दिला.

सरांनी तपासला. स्वतःच्या नावामागं 'श्री.' सुटलं होतं, ते घातलं, आणि कागद परत केला.

मी पुष्कळ विचार केलाय यावर, तुरीच्या शेंगा खाताना माणसाला विचार सुचतात. दूर बदलून गेलेल्या संन्यासिनीशी कुणाचं भांडण नसतं. तिच्यापुढं मेणबत्ती लावता येते. पण भाकरी थापणारी, तोंडावर बोलणारी, समोरच्या गल्लीत राहणारी बाई एकदा इतिहासात बसवली की तिला पुढच्या बाकावरही बसवावं लागतं. परक्या मुलखात आपलं म्हणून जे चर्च उभं राहिलं, ते एका अशा बाईनं उभं केलं जी स्वतःच परकी राहिली नव्हती, हे चाको सरांना दगडावर कोरलेलं नको होतं. नाव राहू दे, बाई नको. त्यांचा हिशेब असा की ती येणारच नाही.

आणि पुढचं काय झालं तेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. ती पाटी दुसऱ्या महिन्यात भिंतीतून उतरली. नवी लागली, तिच्यावर सिस्टर आणि थॉमसभाऊ या दोघांची नावं आहेत. अन्नम्मा दर रविवारी पुढच्या बाकावर बसते, एक गाणं मल्याळम आणि एक मराठी असा तह झालाय, आणि तो दर नाताळला मोडतो. जुना दगड थॉमसभाऊंनी मागून आणला आणि परसात पाण्याच्या टाकीशी बसवला. त्यावर सिस्टर थॉमसभाऊंचे शर्ट आपटते. चाको सरांशी मी आजही बोलत नाही. तेही बोलत नाहीत. दोघांनाही त्यात समाधान आहे.

राहिला तो प्रसंग.

दुपारचं ऊन, माळावर मांडव, विहाराचा भोंगा चर्चच्या लिंबाला बांधलेला. गाव झाडून आलं होतं, निम्मं जेवणासाठी, निम्मं सिस्टर येते का यावर पैज लावलेली म्हणून. वारं इतकं की पाटीवरचा लाल कपडा सारखा उडू पाहायचा आणि कमिटीची दोन माणसं तो दोन्ही बाजूंनी धरून उभी. अन्नम्मा आली. पांढरी साडी, खळीनं अशी कडक की चालताना आवाज करत होती. तिच्या एका बाजूला माझी आई, एका बाजूला थॉमसभाऊ, इस्त्रीचा शर्ट, केसांना खोबरेल. तिघं सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसली. कुणाकडं पाहिलं नाही.

चाको सरांनी पाहिलं. मी त्यांच्याकडंच बघत होतो, असले क्षण मी सोडत नाही. त्यांचा चेहरा कोरड्या ओढ्यासारखा झाला. ते घाईनं फादरच्या कानाशी लागले. वाचू नका, नुसता कपडा काढा, असं काहीतरी सांगत असावेत. पण वारं, भोंग्याची घरघर आणि फादरचा उत्साह. फादरना वाटलं, मोठ्यानं वाचा म्हणतायत. त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला, कपडा ओढला आणि घसा साफ करून एकेक शब्द तोडत वाचायला लागले. या पवित्र मंदिराची स्थापना पूज्य सिस्टर अन्नम्मा यांनी केली. गावात टाळी पडली. अन्नम्मानं डोळे मिटले, हात जोडले. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

फादर पुढं वाचत होते. ज्यांनी आजन्म अविवाहित राहून, पती आणि अपत्य यांचा मोह त्यागून, आपले एकाकी जीवन या माळावर समर्पित केले.

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. अन्नम्माचे डोळे उघडले ते दगडावर खिळले, आणि तिच्या चेहऱ्यावर राग यायला जागाच उरली नव्हती, ती नुसती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती. साऱ्या गावानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग चाको सरांकडं, आणि मग सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. थॉमसभाऊ उठले होते. शाळेतलं पोर परवानगी मागतं तसा त्यांनी एक हात वर केला, पुढं जाऊन फादरच्या माइककडं वाकले, आणि साऱ्या माळाला ऐकू गेलं:

"अन् मंग मी आजपत्तोर कोनाच्या घरात ऱ्हायलोय?"